रा. रा. वयोमान यांस

खोपट, ठाणे (पश्चिम)
सकाळचे सव्वासहा

रा. रा. वयोमानराव यांस सा. न. वि. वि.

आपली प्रत्यक्ष गाठ कधी पडली नाही. पण गेली तीन वर्षं आपलं नाव मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकते आहे की म्हटलं, एवढ्या मोठ्या असामीला एक पत्र तरी टाकावं. फॅमिली डॉक्टर आपलं नाव घेतात. मेडिकलवाला घेतो. मुलगा फोनवर घेतो, सूनबाई स्वयंपाकघरातून घेते, तळमजल्यावरच्या अण्णांची बायको तर उठता-बसता घेते. या वयात देवाचं नाव घ्यावं म्हणतात. आमच्या इमारतीत आपलंच चालतं. "वयोमानानुसार होतंच हो असं."

"असं" म्हणजे कसं, ते आधी सांगून टाकते, कारण या "असं"ला त्याच्या नावानं कुणी हाक मारत नाही. मला कपड्यात शी होते.

झालं, लिहिलं. 31 वर्षं शाळेत मराठी शिकवलं, तेव्हा वाक्य तपासूनही घेतलं. कर्ता 'शी', क्रियापद 'होते', आणि मी बापडी चतुर्थीत, 'मला'. मी करत नाही, ती होते. सातवीतल्या पोराला हे कळतं. मोठ्यांना कळत नाही. "हल्ली तुमचं लक्षच नसतं," असं म्हणून ते कर्ताच बदलून टाकतात.

पहिल्यांदा झालं तो मंगळवार होता. सिद्धेश्वर तलावाकडून भाजी घेऊन येत होते. पिशवीत मेथीच्या दोन जुड्या, अर्धा किलो भेंडी, वर कोथिंबीर. कोपऱ्यावर आले आणि खालून निरोप आला. कळ नाही, मुरडा नाही, नुसता निरोप: निघालो. मी पाय उचलला. आमची इमारत जुनी, लिफ्ट नाही, दुसरा मजला, 34 पायऱ्या. तिसाव्या पायरीपर्यंत मी पुढे होते. मग दार. आधी सेफ्टी डोअर, त्याचं एक कुलूप, आतल्या दाराचं दुसरं. चोरासाठी लावलेली कुलपं घरधनिणीला किती वेळ बाहेर ठेवतात, ते त्या दिवशी कळलं. पहिली किल्ली चुकीची लागली. तेवढ्यात समोरच्या बिऱ्हाडातला मुलगा जिना चढून आला. "आजी, पिशवी धरू?" "नको रे बाळा," मी म्हणाले, आणि त्या 'नको'बरोबर सगळं गेलं. परकरातून, पायावरून, चपलेपर्यंत.

तो मुलगा पाचवीत. त्यानं खाली पाहिलं, वर पाहिलं आणि "बरं" म्हणून आपल्या घरात गेला. मी तासभर न्हाणीघरात होते. परकर तीनदा धुतला, चौथ्यांदा धुतला आणि मग टाकून दिला. संध्याकाळी बेल वाजली. दारात तोच, हातात पिशवी. "आजी, ही जिन्यात राहिली होती." बाकी काही बोलला नाही. मेथी मान टाकून पडली होती. जिना कुणी पुसला ते मी विचारलं नाही. अजूनही विचारलेलं नाही.

आठ दिवसांनी धीर करून डॉक्टरांकडे गेले. माणूस चांगला, पण दवाखान्यात ही गर्दी. कंपाउंडर कान देऊन बसलेला, म्हणून मी आवाज खाली आणून म्हटलं, "मोशनचा कंट्रोल राहत नाही." डॉक्टरांनी लिहिता लिहिता विचारलं, "वय काय आता?" "त्र्याहत्तर." त्यांचा पेन थांबला. वर पाहून प्रेमळ हसले. "मग!"

वयोमानराव, त्या 'मग'मध्ये आपला मुक्काम असतो. ना पोट दाबून पाहिलं, ना कुशीवर झोपवलं, ना बाळंतपणं किती झाली ते विचारलं. ताकदीचं टॉनिक लिहून दिलं आणि डायपर वापरायला सांगितलं. आपलं नाव निघालं की तपासणी संपते, ही आपली खरी करामत. एखाद्या गल्लीतल्या सगळ्या चोऱ्या एकाच माणसानं कबूल केल्या, तर पोलीस दुसऱ्या कुणाकडे जातील कशाला? तसे आपण दरवेळी हात वर करून पुढे येता: मीच केलं. आणि ज्यांनी केलं ते मागच्या दारानं निघून जातात. आपल्यावर माझा आरोप तेवढाच आहे. गुन्हा केल्याचा नाही. सगळ्यांचे गुन्हे आपल्या नावावर चढवून घेतल्याचा. जमिनी लोकांच्या आणि सातबारा आपल्या नावचा.

म्हटलं, आपल्या कर्तृत्वाचे आकडे तरी पाहू. नातवाला बसवून शोधायला लावलं. अमेरिकेत 2005-06 च्या सरकारी आरोग्य-पाहणीत घरीच राहणाऱ्या प्रौढांना, म्हणजे वृद्धाश्रमातल्यांना सोडून, हा प्रश्न सरळ विचारला होता: गेल्या महिन्याभरात असं झालं का? 8.3 टक्के लोक हो म्हणाले. विशीतल्यांत 2.6 टक्के. सत्तरीच्या पुढे 15.3. बायका आणि पुरुष जवळजवळ बरोबरीनं, म्हणजे हे 'बायकांचं दुखणं'ही नव्हे.

वाढत जाणारा आकडा पाहून आपण मिशीला पीळ द्याल. थांबा. सत्तरीपुढच्या शंभरांतल्या 85 जणांना आपण मोकळं सोडलंत, ते का? त्यांची वयं काय उलटी मोजतात? आणि विशीतल्या त्या शंभरांतल्या दोघा-तिघांशी आपला संबंध काय? तिथं डॉक्टर 'मग!' म्हणत नाहीत. तिथं तपासतात.

अमेरिकेची मापं खोपटच्या बाकांवर बसवू नयेत, कबूल. तरी मनाचा खेळ म्हणून मी आमच्या ज्येष्ठ नागरिक मंडळाच्या सभेत मोजदाद केली. आम्ही 40 जण. त्या हिशेबानं सहा. त्यातली एक मी. उरलेले पाच कोण? मग दिसायला लागलं. एक गृहस्थ कायम दाराशेजारच्या खुर्चीवर. एक बाई भर मे महिन्यात काळपट साडीत. एकांनी मामलेदारची मिसळ सोडली, जी त्यांनी बायपासनंतरही सोडली नव्हती. एक जण सहलीचं नाव काढलं की नातवाची परीक्षा सांगतात, आणि त्यांना नातू नाही. सगळे हसतात, टाळ्या देतात, चहा मात्र कुणी घेत नाही. गुडघ्यांवर आम्ही तास तास बोलतो. मोतीबिंदू, साखर, प्रोस्टेट, कवळी, सगळ्यांवर चर्चासत्रं झाली. या विषयावर चाळीस तोंडं बंद.

आता या अवयवाची रचना सांगते. मला कळायला 76 वर्षं लागली आणि आपल्याला ती माहीत नसावी, नाहीतर इतक्या सहजासहजी आळ अंगावर घेतला नसता. आमच्या घरापासून खोपटचं एसटी स्टँड चालत सात मिनिटांवर. समजा तसंच एक स्टँड आत आहे. दोन फाटकं. आतलं फाटक आपोआप मिटलेलं असतं, झोपेतसुद्धा. त्याला हुकूम लागत नाही, आणि बरीचशी राखण तेच करतं. बाहेरचं फाटक आपल्या ताब्यातलं, पण ते आवळून धरता येतं फार तर मिनिटभर, मग दमतं. मागून स्नायूचा एक पट्टा रस्त्याला वळण देऊन ओढून धरतो. पाइपला मुरड घालावी तसा. आणि सगळ्यांत हुशार तो आतला वाहतूक नियंत्रक. फलाटावर लागलेली गाडी मालाची, पाण्याची की नुसत्या हवेची, हे तो दारातल्या दारात ओळखतो. हवेची असली तर भर हळदीकुंकवात गुपचूप सोडून देतो. उभ्या जन्मात कधी त्याचे आभार मानले नाहीत हो आपण.

यातलं काय बिघडलं, हे पाहिल्याशिवाय कळत नाही. वयानं स्नायू थोडा सैलावतो, तेवढा आपला वाटा मान्य. पण तेवढ्यानं स्टँड कोसळत नाही.

माझ्या बाबतीत काय झालं होतं? 1973. पहिलं बाळंतपण, एका प्रसूतिगृहात. दीड दिवस कळा, शेवटी चिमटा लावून सोडवलं. मुलगा साडेआठ पौंडांचा. सासूबाईंनी पेढे वाटले. टाके किती पडले ते मला कुणी सांगितलं नाही. "भरून येतील," म्हणाले. वरची कातडी भरून आली. खालचा स्नायू फाटला होता तो फाटकाच राहिला. शेजारच्या स्नायूंनी 49 वर्षं त्याचं काम ओढलं, कुरकुर न करता, घरातल्या थोरल्या सुनेसारखं. पाळी गेल्यावर तेही थकायला लागले. मग मधुमेहाची गोळी सुरू झाली. या गोळीनं बऱ्याच जणांचं पोट सैल होतं. तिच्या माहितीपत्रकात ते छापलेलंही असतं, मुंगीच्या अक्षरांत. घट्ट मालाला पुरून उरणारं फाटक पातळ मालापुढे हरलं. एवढीच हकिगत. यात आपण कुठे आहात, सांगा बरं?

आणि गंमत पाहा. ज्याच्या डोक्यामुळे हे झालं, तोच साडेआठ पौंडी मुलगा आज 52 वर्षांचा होऊन मला फोनवर सांगतो, "आई, वयामुळे होतं गं ते."

आमच्या पिढीतल्या किती जणींचे टाके असे वरवरचे असतील? विचारणार कोण? बाळंतपणाचं विचारायचं ते पोरीबाळींना, आणि गळतीचं विचारायचं नाही कुणालाच. दोन्ही प्रश्न एका बाईला कुणी एका बैठकीत विचारत नाही. मूळव्याध किंवा भगंदर कापून घेतलेले पुरुषही यात असतात, कारण चाकू त्याच फाटकाच्या आसपास फिरलेला असतो. मधुमेहानं नसा बधिर झालेले असतात, अर्धांगवायूनंतरचे असतात, कॅन्सरसाठी ओटीपोटावर किरणं घेतलेले असतात. प्रत्येकाची कथा निराळी, मथळा मात्र एकच: आपलं शुभनाम.

तळमजल्यावरच्या अण्णांचं तर आपण फारच मनावर घेतलंत. अण्णा 82 वर्षांचे. रात्री लघवीला उठावं लागतं म्हणून दुपारी चारनंतर पाणी बंद. गुडघ्यासाठी दुखण्याच्या गोळ्या, रक्त कमी म्हणून लोहाच्या. व्हायचं तेच झालं: कोठा बांधला, खडा धरला. आठ-दहा दिवसांनी एकदम पातळ व्हायला लागलं, दिवसातून सात-आठ वेळा, न सांगता, धोतरात. घरचे म्हणाले, जुलाब. डॉक्टर म्हणाले, वयोमान, आणि जुलाब बंद करायची गोळी दिली. म्हणजे तुंबलेल्या मोरीत वरून आणखी एक बोळा कोंबला. वस्तुतः अण्णांना जुलाब नव्हतेच. आत दगडासारखा गोळा बसला होता, त्यानं आतलं फाटक ताणून उघडं ठेवलं होतं आणि वरून येणारं पातळ त्याच्या कडेकडेनं झिरपत होतं. रोग बद्धकोष्ठाचा, सोंग जुलाबाचं. घरोघरी म्हाताऱ्यांत हे होतं आणि घरोघरी उलटं औषध मिळतं.

पंधरा दिवसांत मेणकापड आलं, ब्युरोची बाई आली, अण्णांची खाट बाल्कनीच्या दारात गेली. बायको उदबत्त्यांचा पुडा एकदमच आणायला लागली. मग पुतणीनं, ती नर्स आहे, सुट्टीत येऊन एक हातमोजा घातला, बोटाला जेली लावली आणि दोन मिनिटांत निदान केलं. एनिमा, मग आणखी एक, मग रोजचं नरम करायचं औषध आणि पाणी. सातव्या दिवशी अण्णा तलावाच्या बाकावर. हातमोज्याची किंमत काय असेल हो, वयोमानराव? आणि ते बोट घालायला सुशिक्षित माणसांना एवढी लाज का वाटावी? घशात बॅटरी मारतातच ना? तेही एक टोकच, हे दुसरं.

तसा आम्हा मराठी माणसांना हा विषय नवा नाही. माझं माहेर कणकवलीजवळचं. तिथं गोपुरी आश्रम आहे, अप्पासाहेब पटवर्धनांचा. कोकणचे गांधी म्हणायचे त्यांना. 1932 साली रत्नागिरीच्या तुरुंगात, संडास साफ करायचं काम मलाही द्या, ते एका जातीवर का लादता, म्हणून अप्पांनी उपोषण मांडलं, आणि येरवड्याहून गांधीजींनी त्यांच्यासाठी अन्न सोडलं. एम. ए. झालेला कोकणस्थ ब्राह्मण पुढे जन्मभर संडास कसा बांधावा, सोनखत कसं करावं, यावर बोलत, लिहीत आणि स्वतः राबत राहिला. माझे वडील जेवणाच्या पंगतीत त्यांच्या गोष्टी सांगायचे आणि आजी ओरडायची, "ताटावर नको ते!" आजीचं बरोबर होतं. पण ताटावरून उठल्यावर तरी बोलायला हरकत नव्हती. आम्ही तेव्हापासून अजून हातच धुतो आहोत.

कणकवलीवरून आठवलं. सरकारनं 26 ऑगस्ट 2022 पासून 75 वर्षांवरच्यांना एसटीचा प्रवास फुकट केला. अमृत ज्येष्ठ नागरिक योजना. पंचाहत्तरी झाली त्याच आठवड्यात मी आधार कार्ड पाकिटात सर्वांत पुढच्या कप्प्यात घातलं. अख्खा महाराष्ट्र फुकट! आणि सात मिनिटांवरच्या खोपट स्टँडवर मी वर्षभर पाऊल ठेवलं नाही. पैसे लागत नाहीत हो, संडास लागतो. पनवेल, पेण, माणगाव, महाड, चिपळूण: लोक या रस्त्यावर वडे, भजी, नातेवाईक आठवतात. मी एकेक स्टँड डोळ्यांपुढे आणून संडासाची दिशा आठवते. गाडी दहा मिनिटं थांबणार, त्यातली चार उतरण्यात. पुढे दाराला कुलूप, किल्ली कुणाकडे तर चहावाल्याकडे, आणि चहावाला जेवायला गेलेला. हे माझ्या बाबतीत एका स्थानकावर घडलेलं आहे, नाव सांगत नाही, कारण तिथला चहावालाही म्हणाला होता, "आजी, या वयात एकटं फिरू नये."

रेल्वेचंही तेच. हिंदुस्थानातली पहिली प्रवासी गाडी 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून सुटली ती आमच्या ठाण्याला आली, याचा आम्हा ठाणेकरांना कोण अभिमान! त्याच रुळांवरच्या लोकलमध्ये आजतागायत संडास नाही. लांबच्या गाड्यांत आहे, आणि त्याचं श्रेय एका पत्राला देतात. ओखिलचंद्र सेन नावाच्या बंगाली प्रवाशानं 1909 साली साहिबगंजच्या रेल्वे कचेरीला ते लिहिलं. फणस खाऊन पोट फुगलं, स्टेशनवर बसायला गेले तर गार्डनं शिट्टी मारली. एका हातात लोटा, एका हातात धोतर, असे धावले आणि फलाटावर सगळ्यांदेखत पडले. तोडकंमोडकं इंग्रजी, पण दम केवढा! दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात ते पत्र लोक हसत हसत वाचतात. मला त्यात एक गोष्ट दिसली. सेनबाबूंनी सगळा दोष गार्डला दिला आणि त्याला दंड करा म्हणून मागणी केली. 'माझंच वय झालं' असं म्हणून ते गप्प घरी गेले असते, तर?

आणि 1 ऑक्टोबर. ज्येष्ठ नागरिक दिन. दोन वर्षांपूर्वी एका सभागृहात आमचा सत्कार झाला. शाल, नारळ, गुलाबाचं एक फूल, आणि पावणेतीन तास भाषणं. 'ज्येष्ठ हे समाजाचं वैभव' यावर चार वक्ते. वैभवासाठी संडास पहिल्या मजल्यावर, एक, तोही भारतीय बैठकीचा, धरायला कडी नाही. बसलेलं वैभव उठणार कसं? मी दुसऱ्या वक्त्यानंतर नारळ घेऊन निघाले. निवेदक माइकवरून म्हणाला, वयोमानामुळे बाई लवकर जात आहेत. पुन्हा आपणच! टाळ्या आपल्याला मिळाल्या.

इमारत बांधणाऱ्यालाही आपण छान सांभाळून घेता. आमच्या मागच्या चाळीत संडास अजून गॅलरीच्या टोकाला सामाईक आहेत. तिथल्या एक मावशी 70 वर्षांच्या. स्नायू ठणठणीत, पोट ठणठणीत, फक्त गुडघे गेलेले आणि पुढे सकाळची रांग. त्यांचं होतं ते चालण्यात. हा दोष कमरेखालचा की नकाशातला? मावशींच्या मुलानं खोलीतच पडद्याआड कमोडची खुर्ची ठेवली, आणि वयोमान त्या दिवसापासून बेपत्ता.

डायपरची गोष्ट थोडक्यात. सॅनिटरी नॅपकिनवरचा जीएसटी 2018 च्या जुलैत माफ झाला, मोठ्यांच्या डायपरवर राहिला. मेडिकलवाला नातीचं पाकीट आणि माझं पाकीट एकाच काळ्या पिशवीत घालून देतो. लाजेच्या बाबतीत तरी दोघींना सवलत सारखी आहे. डायपर वाईट नाही. लग्नाकार्याला तोच माझी लाज राखतो. पण तपासण्याच्या आधी डायपर म्हणजे गळणाऱ्या नळाखाली बादली ठेवून प्लंबरला नको म्हणणं.

प्लंबर मला मिळाला तो असा. मैत्रिणीच्या मुलीनं एका मोठ्या इस्पितळात नेलं. तिथल्या सर्जन बाईंनी पहिला प्रश्न विचारला, "बाळंतपणं किती? चिमटा लावला होता?" खरं सांगते, मला रडू आलं. तपासलं, छोट्या सोनोग्राफीत फाटलेला स्नायू पडद्यावर दाखवला. चंद्रकोरीसारखी खाच. 1973 सालची खाच! मग उपचार, जे ऐकून आपण नाराज व्हाल, कारण त्यातलं बरंचसं किराणा दुकानात मिळतं. इसबगोल. मी म्हटलं, बाई, ते तर कोठा साफ करायला घेतात. त्या म्हणाल्या, कोरडं असेल तिथं ते पाणी धरून मऊ करतं, पातळ असेल तिथं पाणी शोषून बांधतं. माझी मधुमेहाची गोळी त्यांनी फिजिशियनशी बोलून हळूहळू विरघळणारी करून घेतली (आपल्या मनानं बंद करू नका म्हणून दोनदा बजावलं). शुगरफ्री मिठाई बंद. त्यात साखरेऐवजी जे घालतात त्यानं पोट सुटतं. मला वाटायचं, मी पथ्य पाळते आहे!

आणि व्यायाम. 1948 साली केगेल नावाच्या अमेरिकन डॉक्टरनं बायकांसाठी जे आवळण्या-सोडण्याचे व्यायाम छापले ते. आपल्या हठयोगात अश्विनी मुद्रा म्हणतात तीही याच चालीची. दहा वेळा आवळा, दहा आकडे धरा, सोडा. दिवसातून तीनदा, पोट आणि मांड्या न ताठवता. फिजिओथेरपिस्ट पोरगी पंचविशीची. तिनं यंत्राच्या पडद्यावर रेघ दाखवली: आवळलं की वर, सोडलं की खाली. पहिल्या दिवशी माझी रेघ जमिनीला समांतर. "आजी, तुम्ही गालच आवळताय," ती म्हणाली. आम्ही दोघी इतक्या हसलो की, जाऊ द्या, त्या दिवशी डायपर होता. तिसऱ्या महिन्यात रेघेला टेकडी आली. आता मी भाजीच्या रांगेत, टीव्हीसमोर, मंडळाच्या सभेत अध्यक्षीय भाषण चालू असताना व्यायाम करते. चेहऱ्यावर फक्त विचारमग्न भाव येतो.

पूर्ण बरी झाले का? नाही. महिना-दीड महिन्यात एखादा दिवस हुकतो. पिशवीत जादा परकर, ओले रुमाल, जस्ताचं मलम असतंच. शस्त्रक्रियेचं सर्जन बाईंनी सांगितलं आहे; पाहू. पण सेफ्टी डोअरची किल्ली आता लाल दोऱ्यात आहे आणि हाताला पहिल्या फटक्यात लागते.

सूनबाईनं परवा विचारलं, "आई, गणपतीला कणकवलीचं बघायचं का?" पहिल्यांदा तिनं आपलं नाव न घेता वाक्य पूर्ण केलं. मी खोपट स्टँडवर जाऊन आले. चौकशीच्या खिडकीत विचारलं, गाडी कुठे कुठे किती मिनिटं थांबते. खिडकीतला म्हणाला, "आजी, एवढं कशाला हवं? जेवायला थांबते की." म्हटलं, जेवण्याचं नाही विचारत, त्याच्या पुढचं विचारते. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग मागच्याला हाक मारली, आणि दोघांनी मिळून एका तिकिटाच्या पाठीवर थांबे लिहून दिले. त्यातल्या दोन नावांसमोर फुली आहे. तिथं उतरू नका म्हणाले.

आपल्याशी अजून बरंच बोलायचं होतं. आपल्या नावावर चढवलेलं विस्मरणाचं प्रकरण आहे, तोल जाण्याचं आहे, ऐकू न येण्याचं आहे. पण सर्जन बाईंची शेवटची सूचना अशी की सकाळचा चहा पोटात गेला की आतडं आपोआप हलतं, तेव्हा लागो न लागो, अर्ध्या तासाच्या आत कमोडवर जाऊन बसायचं, पायाखाली पाट घेऊन, कुंथायचं नाही. पत्र लिहायला बसले तेव्हा कप भरलेला होता. आता तळ दिसतो आहे आणि वीस मिनिटं झाली आहेत. तेव्हा लोभ नसावा.

आपली नसलेली,
दुसरा मजला, खोपट